सुकलंस गो

आमच्या घरात वजन असायचं ते तांदळाच्या गोणीला, गॅसच्या सिलिंडरला आणि फार तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाला. मोठ्या माणसांना असायची ती तब्येत. मे महिन्यात गावाला जाऊन कोणी अंगानं भरून आलं की शेजारणी कौतुकानं म्हणायच्या, तब्येत सुधारली हो. आणि कोणाच्या गालांची हाडं वर आली की बोलणाऱ्यांचा आवाज खाली जायचा. आमच्या मालवणी माणसांत त्यासाठी एकच शब्द होता, सुकला. सुकी मासळी आम्ही मिटक्या मारत खात असू, पण माणूस सुकला म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, डॉक्टर तरी गाठायला हवा किंवा देवापुढे नारळ तरी ठेवायला हवा, असं सगळे धरून चालत. या न्यायानं माझी आई आणि मी, आम्हा दोघींच्या तब्येती उत्तम होत्या. बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्ककडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. भाजीची पिशवी घेऊन वर येताना आई दोनदा कठड्याला धरून थांबायची. मी सतरा वर्षांची होते आणि एकदा थांबायचे.

त्या वर्षी आईच्या धाकट्या भावाच्या, अनंतामामाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मामा जोगेश्वरीला राहायचा आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसच्या मशीनला लावत. तिथून आला की तो उन्हात टाकलेल्या फडक्यासारखा दिसायचा आणि तरी कोणाच्या तरी पाटीवरचा ऊकार चुकलाय असं सांगून हसवायचा. मामीची किडनी जुळेना. आईची जुळली. आई तेव्हा इतकी खूश झाली होती की हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिनं ओळख ना पाळख अशा एका बाईला ते सांगितलं. मग मोठ्या डॉक्टरांनी आत बोलावलं, आईकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं सगळं जुळतंय. पण या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. दहा किलो कमी करून या."

"कधीपर्यंत हवंय?" आईनं विचारलं, शिवणाची ऑर्डर घ्यावी तसं.

"जितक्या लवकर होईल तितकं. त्यांच्याकडे बघा."

काचेपलीकडे बाकावर बसून मामा डुलक्या घेत होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. या भावाला तिनंच वाढवलं होतं. त्यांची आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तो पाच वर्षांचा.

गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिनं माझ्या अंगावरची चादर ओढली. "ऊठ. मी एकटी नाही जायची. लोक बघतात. तू चल, म्हणजे वाटेल तुझ्यासाठी चाललेय." अशी माझी नेमणूक झाली. त्या सकाळी मला अजून पूर्ण जागेपणी आठवत नाहीत, कारण मी पूर्ण जागी नसायचेच. अर्धवट झोपेत मी आईच्या पदराचं टोक धरून चालायचे आणि डोळे उघडले की पार्कच्या आत असायचे. पाऊस मागे सरत होता पण झाडं अजून ठिबकत होती. रस्त्यावर पातळ धुकं पाण्यासारखं वाहायचं आणि त्यात समोरून येणाऱ्या माणसांचे आधी बूट दिसायचे, मग माणूस. ओल्या पानांचा, मातीचा, कुठूनतरी धुराचा वास. एखादं वानर फांदीवरून उडी मारी आणि खाली सगळं पाणी सांडे. आईच्या पायांत बाबांनी आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट होते आणि अंगावर नऊवारी वाटावी अशी फुगलेली पाचवारी साडी. तिच्या बांगड्या चालीवर वाजायच्या. मी झोपेतच त्या ऐकायचे, आणि त्या मंदावल्या की माझेही पाय आपोआप मंदावत.

आम्ही किलोमीटर मोजले नाहीत. पहिल्या आठवड्यात पुलापर्यंत, दुसऱ्या आठवड्यात पार्कातल्या मुलांच्या छोट्या आगगाडीच्या रुळांपर्यंत, असं ठरायचं. पुलावर पोचलो की आई कठड्याला टेकून धापा टाकायची आणि बोलता येऊ लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "उद्या नाही हां यायचं." मी म्हणायचे, "नाही तर नाही." मग दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा चादर ओढली जायची. आता आमच्या सोसायटीतल्या बायकांचा चालण्याचा ग्रुप आहे, त्यांच्या मनगटांवर पावलं मोजणारी घड्याळं आहेत, आणि पावलं कमी पडली तर त्या रात्री जेवणानंतर दिवाणखान्यात येरझारा घालून भरपाई करतात. मला त्यांचं हसू येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत माणसाला काहीतरी मोजायला लागतंच. आमच्याकडे पूल होता.

जेवणाचं मात्र आम्ही पहिले पंधरा दिवस भलतंच करून ठेवलं. हॉस्पिटलनं दिलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, भात बंद. आमच्या घरात भात बंद म्हणजे चूल बंद. पण आईनं मन घट्ट केलं आणि भाताचं पातेलं माळ्यावर टाकलं. मग सकाळी घावणे, दुपारी आंबोळ्या, रात्री पुन्हा घावणे, आणि तोंडी लावायला वाटीभर सोलकढी. घावणे तांदळाचे आणि सोलकढी नारळाच्या दुधाची हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कागदावर भात लिहिलं होतं आणि घावण्याला आमच्यापैकी कोणीच आयुष्यात कधी भात म्हटलं नव्हतं. घरात काटा नव्हता म्हणून दर रविवारी आई गल्लीच्या तोंडाशी असलेल्या धान्याच्या दुकानात मागच्या बाजूला, गोण्या मोजायच्या काट्यावर उभी राहायची. शेटजी भले माणूस. ते तोंड फिरवून उभे राहत आणि आकडा फक्त तिला ऐकू जाईल असा सांगत. दोन रविवार आकडा हलला नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनीच भीत भीत विचारलं, "बेन, जेवणात काय घेता?" आईनं अभिमानानं घावणे सांगितले. शेटजी तांदळाच्या पिठाच्या पोत्याकडे नुसतं बघत राहिले. त्या दिवशी घरी येऊन आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि मग तिथेच बसून रडली. "पंधरा दिवस फुकट गेले गं," ती म्हणाली. "त्याचे पंधरा दिवस."

त्यानंतर खरं सुरू झालं. नाचणीची भाकरी, पालेभाजी, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं पण खोबरं चिमूटभर. बाबा फार बोलणारे नव्हते. ते ऑफिसातून आले, ताटाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुधीची भाजी मागून घेतली. "बरी झालीय," म्हणाले. त्यांना दुधी आवडत नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कुकरच्या शिट्ट्या कमी झाल्या, खोबरं खवण्याचा खरखराट तर जवळजवळ थांबलाच, आणि घर एकदम शांत वाटायला लागलं. त्या शांततेत आई बारीक होऊ लागली. आधी अंगठी सैल झाली, मग ब्लाउजच्या बाह्या. काटा एक किलो उतरला, मग तिथेच अडला, मग पुन्हा उतरला. आकडा अडला त्या आठवड्यात ती पुलावर टेकून म्हणाली, "माझ्यानं नाही होणार." मी म्हटलं, "आई, तू आज बोलतेयस. पहिल्या दिवशी इथे पोचल्यावर तुला बोलता येत नव्हतं." तिनं कठड्यावरचा हात काढला आणि रुळांच्या दिशेनं चालू लागली. तेवढं एक वाक्य त्या अख्ख्या काळात मी शहाण्यासारखं बोलले असेन.

कारण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही. मला आईचं ऑपरेशन नको होतं. हॉस्पिटलातल्या एका नर्सनं कमरेपासून पाठीपर्यंत बोट फिरवून चीर कुठून कुठे जाते ते दाखवलं होतं, तेव्हापासून ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. आई एकेक किलो उतरत होती म्हणजे एकेक पाऊल त्या टेबलाकडे जात होती, आणि मीच तिला हाताला धरून नेत होते. धुक्यात तिच्या मागून चालताना मला कधी कधी वाटायचं, हा रस्ता असाच राहावा, आकडा जरा अडूनच राहावा, आणि आम्ही दोघींनी असंच अर्धवट झोपेत चालत राहावं. मामावर माझा जीव होता. पण आई आई होती.

दिवाळीत आईनं चकल्या, करंज्या, चिवडा सगळं केलं आणि स्वतः कणभर चाखलं नाही. मीठ बघायला मला हाक मारायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. भाऊबीजेला मामा आला. जवळजवळ दोन महिन्यांनी तो तिला पाहत होता, कारण डायलिसिसच्या दिवसांत मामीच त्याच्याबरोबर जायची आणि आई फोनवरच चौकशी करायची. तिला त्याला चकित करायचं होतं. सहा किलो उतरले होते. ती नवी साडी नेसली होती, ब्लाउज मुद्दाम आटवून घेतला होता. मामा पाटावर बसला, आईनं ताम्हण उचललं, ओवाळायला हात वर केले, आणि तिच्या बांगड्या खळकन कोपरापर्यंत उतरल्या. मामा त्या बांगड्यांकडे बघत राहिला. मग तिच्या गळ्याच्या हाडांकडे.

"आक्का," तो म्हणाला, "सुकलंस गो."

आई हसली. तिला वाटलं कौतुक आहे. "सहा किलो," ती म्हणाली आणि फराळाची ताटली आणायला आत गेली. ती आत जाताच मामानं माझं मनगट धरलं. त्याचा हात थंड होता. "बाय, खरा सांग. जेवता मा ती? का उपाशी रवता?"

मी खाली बघितलं. एवढंच केलं मी. हो, जेवते, पोटभर जेवते, जिना न थांबता चढते, रात्री घोरत नाही, एवढं सांगायला किती वेळ लागला असता. पण मी पाटाभोवतीच्या रांगोळीकडे बघत बसले, आणि त्यानं त्याला हवा तो अर्थ घेतला. पाच वर्षांच्या पोरानं आपली आई सुकताना पाहिली होती. आधी बांगड्या सैल झाल्या होत्या, मग ती अंथरुणाला लागली होती, आणि घरात येणारं प्रत्येक माणूस उंबऱ्यातच म्हणत होतं, सुकली गो. पुढची भाऊबीज तिनं पाहिली नाही.

आई ताटली घेऊन आली तेव्हा मामा म्हणाला, "दरवर्षी ओवाळणी मी घालतंय. औंदा तू माका घाल. माका तुझी किडनी नको. माझ्यापायी तुका काय झाला तर?" आईला आधी ती थट्टाच वाटली. मग तिनं समजावलं, रागावली, शेवटी हातही जोडले. तो उठला, चपला घातल्या, आणि जिन्यात प्रत्येक वळणावर थांबत खाली गेला. आम्ही वरून त्याचं थांबणं ऐकत होतो.

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून करंज्या खात होती. एक संपली की दुसरी, शांतपणे, चव न घेता. मी दारात उभी होते. दुसऱ्या दिवशी पाचला माझी चादर कोणी ओढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि मला बरं वाटलं, हे लिहिताना अजून हात अडतो. मी भरपूर झोपले. आठवडा असा गेला. मग एका पहाटे सवयीनं मला जाग आली, तर आई शेजारी डोळे उघडे ठेवून पडलेली. तिनं मान न वळवता विचारलं, "काय गं, मी आजारी दिसते का?" तिच्या आवाजात एवढी भीती मी कधी ऐकली नव्हती. जी बाई स्वतःचं शरीर कापून द्यायला घाबरत नव्हती, ती आरशाला घाबरायला लागली होती, आणि हे माझ्या गप्प बसण्यानं झालं होतं.

मी त्याच सकाळी कॉलेजच्या नावाखाली जोगेश्वरी गाठली. मामा घराच्या पडवीत बसून एका न्हाव्याच्या दुकानाची पाटी रंगवत होता. हात थरथरू नये म्हणून त्यानं मनगट काठीवर टेकवलं होतं. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. "मामा, ती जेवते. माझ्यापेक्षा जास्त जेवते. जिना एका दमात चढते. मी त्या दिवशी बोलले नाही, कारण मला भीती वाटते. तिला टेबलावर घेतील त्याची. मला वाटलं तू नको म्हणालास तर बरंच." शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामानं ब्रश डब्यात ठेवला. तो रागावला नाही. अर्ध्या रंगवलेल्या अक्षराकडे बघत म्हणाला, "माका पण भ्या वाटता, बाय. तुझ्यापेक्षा जास्त." मग आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. मामीनं चहा आणला, त्याला मोजून अर्धा कप, कारण लघवी बंद झाल्यापासून त्याला पाणीही मोजूनच मिळायचं, मला पूर्ण. निघताना मी म्हटलं, "उद्या पहाटे पार्कात ये. मी सांगण्यापेक्षा तूच बघ."

दुसऱ्या दिवशी आईची चादर मी ओढली. मामीनं रिक्षा करून त्याला पार्कच्या गेटापाशी सोडलं होतं. तो बाकावर बसला होता, कान झाकलेले, पाय शालीत. आई त्याला बघून थबकली. तो नुसतं म्हणाला, "चल, चलान दाखव." आई निघाली. आठ दिवसांच्या करंज्या तिच्या पोटात होत्या, तरी ती निघाली. मी मामाजवळ बसले. धुकं त्या दिवशी दाट होतं. आधी तिची साडी पुसट झाली, मग फक्त पांढरे बूट उरले, मग तेही गेले. बांगड्यांचा आवाज थोडा वेळ येत राहिला आणि थांबला. पानांवरून पाणी ठिबकत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही, त्या धुक्यात वेळेलाही नीट चालता येत नसावं. मामानं माझा हात धरला. "खंय गेली गो ती?" त्यानं दोनदा विचारलं, अगदी लहान मुलासारखं. मी म्हटलं, "येईल." आणि पहिल्यांदाच मला स्वतःलाही ते खरं वाटलं.

ती आली, लालबुंद, कपाळावरून घाम निथळत, पदर खोचलेला. यायच्या आधीच तिचा आवाज आला. "अनंता, पायांत मोजे का नाही घातलेस? एवढ्या दवात बायकोनं तुला असा कसा सोडला? आणि उठू नको, बस तिथेच." एवढं सगळं एका दमात. मामा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"धाप लागूक नाय तुका?"

"नाही," आई म्हणाली आणि त्याच्या शेजारी टेकली. थोड्या वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "आई आजारानं सुकली होती, रे. तिला ताटावरून घास उचलवत नव्हता. मी चालून बारीक झालेय. दोन्हीत फरक आहे." मामानं तिचा दंड चाचपून पाहिला, बाजारात दुधी दाबून बघतात तसा, आणि तिथला घट्टपणा त्याच्या हाताला लागला असावा. मग तो उठला आणि तिच्याबरोबर गेटापर्यंत चालत गेला. मी मुद्दाम मागे राहिले.

आता सोसायटीच्या चालण्याच्या ग्रुपमधली एखादी नवी बाई पहिले दोन-तीन किलो उतरवून येते तेव्हा सगळ्याजणी तिच्या तोंडावर काहीबाही बोलतात, वाळलीस, गाल बसले, बरं आहे ना घरी. मी तिला फक्त विचारते, जिना चढताना आता कसं वाटतं. आणि उत्तर येईपर्यंत तिच्याकडे बघत राहते, खाली बघत नाही.

उरलेले किलो उतरायला थंडी संपत आली. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, अर्धा किलो अजून बाकी होता, त्यांनी आईकडे पाहिलं आणि तारीख दिली. ऑपरेशनच्या दिवशी आई स्ट्रेचरवर पडून मला धोब्याचे कपडे आणायची आठवण करत होती. पलीकडच्या स्ट्रेचरवर मामा डोळे मिटून होता. दार बंद झालं. बाबा आणि मी बाकावर बसलो आणि बाबांनी माझा हात हातात घेतला, जो त्यांनी मी शाळेत जायला लागल्यापासून घेतला नव्हता.

संध्याकाळी आईला वॉर्डात आणलं. ती ग्लानीत होती, चेहरा पांढरा, ओठ कोरडे. मी कापसानं ते ओले करत होते तेवढ्यात कॉरिडॉरमधून धावण्याचा आवाज आला. मामी दारात उभी होती, चपला हातात, केस सुटलेले. "झाली," ती म्हणाली. "अगो, लघवी झाली. पिशवी भरली त्याची." वॉर्डातल्या सगळ्या बायका वळून बघू लागल्या. एका माणसाला लघवी झाली म्हणून एवढ्या परक्या बायका हसताना मी आयुष्यात पुन्हा पाहिल्या नाहीत. मामी आली तशी परत धावत गेली. मला वाटलं आईनं काही ऐकलं नाही. पण तिनं डोळे न उघडता शेजारच्या सिस्टरला विचारलं, "एका किडनीचं वजन किती असतं हो?"

सिस्टर सलाईन बघत होती. "असेल शे-दीडशे ग्रॅम."

"म्हणजे तेवढं आणखी उतरलं," आई म्हणाली. मग तिला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं, टाके दुखले, आणि एका हातानं कूस धरून दुसऱ्या हातानं तिनं माझी बोटं घट्ट आवळली. "हसवू नको गं मला," ती म्हणाली. मी हसवत नव्हते, मी रडत होते.